ओली लाकडं आणि सासूबाईंचा दमा

मंडळी, आज फार थकले आहे.

सकाळी गॅस संपला. अकोल्याहून टाकी उद्या येणार, म्हणून चूल पेटवली. लाकडं परवाच तोडलेली, ओली होती. घरभर धूर झाला आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाईंना श्वास घेता येईना. त्यांना धरून अंगणात आणलं.

शेजारच्या हौसाक्का धावत आल्या. "वली लाकडं जाळतीस व्हय? इझव आदी!" लेकीच्या बाळंतपणासाठी वर्षभर वाळवलेल्या सरपणातली मोळी त्यांनी आणून दिली. मग धूर न होता चूल पेटली.

सासूबाई तासाभराने सावरल्या. म्हणाल्या, "तुजा दोष न्हाई, पोरी. एकटीनं किती करशील?" मला रडूच आलं.

सरपण वाळवायला हवं हे कळतं, पण शेतातून आल्यावर अंगात त्राण उरत नाही. तुमच्या घरी हे काम कोण करतं?