मालूच्या फ्रॉकची उंची

आखातातल्या झिंज वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात मंगला शाळेचे युनिफॉर्म शिवायची. नवरा तुकाराम सित्र्याच्या एका कंपनीत ड्रायव्हर, दोघंही देवगडकडची. आसपासच्या भारतीय मुलींचे निळे फ्रॉक तिच्याकडेच यायचे. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचे ते दिवस. फ्रॉक गुडघ्याच्या चांगला वर, ही तेव्हाची फॅशन, आणि शाळेचीही त्याला ना नव्हती. मंगलाची मालू तर आणखी बोटभर आखूड कर म्हणून आईच्या मागे लागायची. जिन्यावरून पडून तिच्या उजव्या गुडघ्यावर कोयरीसारखा व्रण राहिला होता. तो साऱ्या जगाला दिसायचा, पण तिला त्याची पर्वा नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात तापाचं निमित्त झालं. आठवडाही उलटला नाही तोच नऊ वर्षांची मालू गेली.

सप्टेंबरात शाळा उघडली. दुपारी बस खाली थांबली, मुली उतरल्या, आणि गॅलरीतून मंगलाला मालू दिसली. पाठमोरी, दप्तर एका खांद्यावर, चालता चालता मोजा वर ओढणारी. मंगला तशीच अनवाणी धावली. तापलेल्या रस्त्यानं पाय पोळले. मुलगी वळली. गुडघा कोरा होता. चेहऱ्याकडे मंगलानं नंतर पाहिलं.

मग हे दर वर्षी होत राहिलं. मुली मोठ्या होऊन जात, नव्या येत, आणि त्यांच्यातली एखादी पाठ नेमकी मालूची असे. मंगला आधी गुडघा बघायची, मग श्वास सोडायची. शेजारची हलिमा मोडक्या हिंदीत म्हणाली, "उसको बुलाओ मत, मंगला. जाने दो."

"मैं किधर बुलाती?" मंगला म्हणाली. पण बस यायच्या वेळी ती मशीन सोडून गॅलरीत जायचीच.

अठ्ठ्याहत्तरात शाळेनं फर्मान काढलं, फ्रॉक गुडघ्यापर्यंत हवा. दोन वर्षांनी तो गुडघ्याच्याही खाली गेला. फाटकात एक बाई उभी राहून तपासायची. मंगलाकडे जुन्या फ्रॉकांचे ढीग लागले. ती शिवण उसवायची, दुमड सोडायची, उंची वाढवायची. आपल्याच हातांनी ती एकेक गुडघा झाकत होती. आता पाठ दिसली की खात्री करायला काही उरलं नाही.

एकदा मेधाताई लेकीला माप द्यायला घेऊन आल्या. त्यांचे यजमान बँकेत होते. मुलगी पाठमोरी उभी राहिली. तोंडात टाचण्या धरून मंगला खाली बसली, आणि तिच्या नकळत तिचा हात फ्रॉकची कड गुडघ्याच्या वर सरकवू लागला.

"आंटी, व्हॉट आर यू डूइंग?" मुलगी दचकून मागे सरली.

"माप... माप बघत होते," मंगला पुटपुटली. मेधाताई लेकीचा हात धरून निघाल्या. पुन्हा आल्या नाहीत.

त्र्याऐंशीत फ्रॉकच गेले. चौथीपासून पुढे सलवार-कमीज आणि घडीची ओढणी. मंगलानं सगळी उन्हाळ्याची सुट्टी तेच शिवलं. शाळा उघडली, बस आली, मुली उतरल्या. ओढण्या सावरत सगळ्या निघून गेल्या. कुठलीच पाठ मालूची नव्हती. मंगला रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला भीती वाटली.

संध्याकाळी तुकाराम आला तेव्हा ती तिथेच उभी होती.

"आज मालू इला नाय," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. तुकाराम बूट काढता काढता थांबला.

"तुका पण दिसायचा?" त्यानं विचारलं.

मंगला गर्रकन वळली. "म्हणजे?"

"कामार जाताना, मआमीरच्या रस्त्यावर, गाडीच्या म्होरसून जायचा. निळो फ्रॉक. मी ब्रेक मारी. मागचे लोक शिव्या घालीत."

"माका सांगूक नाय कित्या?"

"तू आधीच अर्धी झाललंस."

दिवा न लावता दोघं बसून राहिली. मालू माशाचे काटे कसे ताटाभोवती लावून ठेवायची, ते तुकारामनं सांगितलं. मंगला ते विसरली होती.

त्या शुक्रवारी तो तिला गाडीतून मआमीरकडे घेऊन गेला. वस्ती मागे पडल्यावर, समोर कुणी नसताना, त्यानं गाडी थांबवली. कुणी लहान पोर रस्ता ओलांडत असावं, तशी मंगलानं या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर नेली. जरा वेळानं तुकारामनं गिअर टाकला आणि गाडी अगदी हळू पुढे घेतली.