एक पट्टी खाली

आज सुरतेत खोकल्यावर उपाय म्हणून ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली आणि नाशिकच्या सातपूरमधला तो बार आठवला. तिथले आमचे गायक वसंतदादा दिवसभर हीच काडी चघळायचे. नववीत शाळा सोडून नाशकात आलेल्या मला त्यांनीच कीबोर्ड शिकवला, बँडमध्ये घेतलं.

एका दुपारी बारच्या रिकाम्या हॉलमध्ये फिनेलचा वास होता. दादांना ठेवायचं की नवा गायक आणायचा, हे बारचे मालक गाणं ऐकून ठरवणार होते. वरच्या सुराला दादांचा आवाज फाटला.

"पुन्हा घ्या," मालक तुटकपणे म्हणाले.

मी गुपचूप कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं. बोटं तशीच फिरली, पण गाणं एक पट्टी खाली आलं. दादा माझ्याकडे न बघता गायले, आणि या वेळी आवाज टिकला.

"दादांना तोड नाही!" मालक हसले.

बाहेर टपरीवर दादांनी विचारलं, "खाली घेतलंस ना रे?"

"नाही दादा."

"लबाडा! उद्या अजून एक पट्टी घे."

मी खूश होऊन हसलो. वर्षभरात त्यांचा आवाज पुरता गेला. आज कळतं, तो जाणार हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, आणि ते असं आडून सांगायला त्यांच्याजवळ फक्त मी होतो.