थेंबात कोन मावते?

वाशीमला स्टेशनाच्या रस्त्यावर बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पुढं दुकान, मागं आमचं घर. गावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे बाबांच्या हाताखालून गेले होते. आईचा फोटो मात्र घरात एकही नव्हता. तिच्या ओठाखाली, हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. लग्नाच्या मांडवात ग्रुप फोटोची हाक आली की ती कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन सैपाकाकडे निघून जायची. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे कळणाऱ्या बायाही तिच्या हातचं पाणी घेताना एकमेकींकडे पाहायच्या. मला त्या बायांचा अजून राग येतो.

बाबांचा उपाय ठरलेला होता. आमच्या धंद्यात टचिंग म्हणजे अर्धं काम. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवायची, छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशानं काळा रंग भरायचा, की देवीचे व्रण, सुरकुत्या, डाग सगळं नाहीसं. ‘एकडाव बस तं खरी खुर्चीवर,’ बाबा म्हणायचे. ‘टचिंगमंदी डाग राह्यतच नाही.’

‘मंग तो फोटो माहा कायचा?’ आई म्हणायची आणि विषय तिथंच मिटायचा.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी होते. दुकानात बाबांना मदत करायची आणि उरलेला वेळ नसत्या चौकशांत घालवायची. श्रावणातल्या एका सकाळी पाऊस उघडला होता. मोरीचं पाणी जायचं तिथं धोपा माजला होता. अळूला आम्ही धोपाच म्हणतो. त्याच्या एका पानाच्या टोकाला थेंब लोंबत होता. मी दात घासता घासता वाकून पाहिलं, तर थेंबात आमचं अख्खं अंगण होतं. शेजारचा कडुलिंब, कवेलूंचं छप्पर, दोरीवरची धुणी, सगळं होतं आणि सगळं खाली डोकं वर पाय. मी डोकं तिरपं करून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. थेंब पडला. मी दुसरं पान शोधलं. त्यातही तेच अंगण. पानावर बसलेल्या गोल थेंबांत मात्र तसं काही दिसेना. लोंबणाऱ्याच थेंबात का, या विचारानं तोंडातली राखुंडी तशीच राहिली.

हे फोटोत येईल का, असं मी बाबांना विचारलं. ते हसले. ‘मानूस चंद्रावर जाऊन आला, अन् तुले थेंबात जायचं हाय.’ पण धंद्याचा प्रश्न आला की त्यांनाही राहवत नसे. चहा संपेपर्यंत तेच म्हणाले, ‘कॅमेऱ्याचा भाता पुरा ताणला तं येईन. पन भिंगावरचं झाकन काढून परत लावेपर्यंत पान हाललं नाही पायजे.’

स्टुडिओतला लाकडी कॅमेरा आम्ही अंगणात काढला. पुढं भिंग, मागं दुधी काच, मध्ये हार्मोनियमसारखा भाता. भाता पूर्ण लांबवला आणि भिंग थेंबाच्या अगदी जवळ नेलं. वारा मात्र थांबेना. म्हणून आईला हाक मारली. ती चादर घेऊन आली आणि पानाच्या पलीकडे, आमच्याकडे तोंड करून, चादर पाठीमागं दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली.

‘मी येत नाही ना त्यात?’ तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

‘पानाचा फोटो हाय,’ बाबा म्हणाले.

मी डोक्यावर काळा कपडा घेऊन दुधी काचेत पाहिलं. त्या काचेवर सगळं जग उलटंच दिसतं, त्याची मला सवय होती. पानाचं टोक वर होतं आणि त्यावर थेंब उभा होता. पण थेंबाच्या आत आई सरळ उभी होती! ज्वारीच्या दाण्याएवढी, पांढऱ्या चादरीपुढं, पाय जमिनीवर आणि डोकं वर. थेंबानं उलटी केलेली आई कॅमेऱ्यानं पुन्हा सुलटी केली होती. मला इतका आनंद झाला की मी कपड्यातूनच ओरडले, ‘आई वो, तू थेंबात दिसून राह्यली!’

‘थेंबात कोन मावते? काहीबी सांगते,’ आई म्हणाली आणि हसली. हसली पण हलली नाही. बाबांनी झाकण काढलं, मनात मोजलं, लावलं.

संध्याकाळी मला रिसोडहून आलेल्या मावशीला एसटी स्टँडवर पोचवायला जावं लागलं. परत आले तर बाबांनी फोटो धुऊन, छापून, वाळवून ठेवलेला. पान छान आलं होतं, शिरान् शीर दिसत होती. थेंब मात्र नुसता काळा मणी होता.

‘यातलं कुठी गेलं?’

‘काय?’

‘थेंबातलं!’

‘पांढरा ठिपका होता एक. धूळ बसली असन. भरून टाकला.’

वर्षानुवर्षं पांढरा ठिपका दिसला की त्यांचा हात आपोआप ब्रशाकडे जायचा. मी इतकी भडकले की बाबांशी जे बोलू नये ते बोलले. ‘ते आई होती! तुमी आईले खोडलं!’  बाबा फोटो घेऊन आत गेले आणि तो पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला, कारण टचिंगचा रंग पाण्याचाच असतो. ओल्या कापसानं त्यांनी थेंबावरून हळूच पुसलं. काळं विरघळलं, चादर पांढरी झाली आणि तिच्यापुढं, हात पसरलेली, उलटी आई वर आली. बाबा टचिंगचं भिंग लावून किती तरी वेळ पाहत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

आई सुपात ज्वारी निवडत होती. बाबांनी ओला फोटो आणि भिंग तिच्यापुढं धरलं. ती रागावेल, फाडेल, की रडेल, मला काही कळत नव्हतं. तिनं आधी पान पाहिलं. मग थेंब सापडला. मग तिनं फोटो फिरवून उलटा धरला आणि भिंगाला डोळा लावला.

‘हे तं मीच होय,’ ती हळूच म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, ‘पन माहा डाग कुठी आहे?’

‘एवढुश्यात कसा दिसन?’ बाबा म्हणाले.

‘टचिंग केलं काय?’

‘नाही वो. तुह्या पोरीची आन.’

तिनं आणखी एकदा पाहिलं, भिंग पुसलं आणि बाबांच्या हातात दिलं. ‘मंग मोठी काढा मले. डागासगट.’

दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून स्टुडिओच्या खुर्चीवर बसली. कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली मी होते. दुधी काचेवर आई उलटी होती, फोटोतल्या थेंबात होती तशीच, फक्त आता डाग स्पष्ट दिसत होता. बाबा बाजूच्या टेबलाशी सवयीनं पेन्सिलीला टोक करत बसले होते. आईनं तिकडं पाहिलं आणि हात पुढं केला. ‘ते आंदी माह्याजवळ द्या.’

बाबांनी दिली. तिनं पेन्सिल मुठीत धरली, मूठ मांडीवर ठेवली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. मी झाकण काढलं.

तो फोटो आता माझ्या घरात लावलेला आहे. आलेगेले लोक मुठीतली पेन्सिल पाहून विचारतात, तुमची आई शाळेत मास्तरीण होती का? मी सांगते, नाही, ती बाबांची पेन्सिल आहे. आईनं काढून घेतली होती.