मकरे साहेबाचा ट्राय

एकनाथ जगदाळे लेकाकडं अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले ते पंच्याऐंशी साली. मराठा पलटणीत स्ट्रेचर उचलणारा गडी, शाळा चौथीपर्यंत, अन् सातारी बोली विमानातूनही तशीच उतरलेली.

सून पद्मजा पुण्याची. शनिवारी दुपारी ती त्यांना ड्राइव्हला न्यायची. एकदा कॉलेजच्या मैदानापाशी दोघं बाकावर टेकली. समोर चिखलात पोरं लोळत होती.

"पोरी, ही एकमेकांच्या उरावर का बसल्यात? कुस्ती म्हनावी, तर चेंडू हाय."

"रग्बी म्हणतात, आबा."

हे नाव आबांनी ऐकलं होतं. हा खेळ मॅक्रे साहेबाचा. इटलीच्या लढाईतला त्यांचा कॅप्टन, लढाईआधी स्कॉटलंडकडून खेळलेला. पलटण त्याला मकरे म्हणायची. "आमच्या कोरेगावच्या मकऱ्यांचाच की ह्यो!" अशी थट्टा चालायची.

पंचेचाळीसच्या एप्रिलात नदीकाठी साहेबाला गोळी लागली. स्ट्रेचरचा पुढचा गडीही पडला, तेव्हा एकनाथनं साहेबाला पाठीवर घेतलं. दोनशे पावलांत दम सरला. त्यानं साहेबाला भुईवर ठेवलं. "ट्राय... ट्राय," एवढं बोलून साहेब गेला.

नेमबाजीत गोळी चुकली की उस्ताद "ट्राय अगेन" म्हणायचा. म्हणजे साहेब सांगत होता, गड्या, अजून जोर कर. अन् आपण त्याला टाकला! चाळीस वर्षं हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात एक दांडगा पोरगा चेंडू पोटाशी धरून रेघेपलीकडं आडवा झाला. मैदान ओरडलं, "ट्राय! ट्राय!"

आबा ताडकन उठले. "कोन मेलं?"

"अहो, मरतंय कशाला? थांबा." पद्मजा शेजारच्या गोऱ्या काकांना विचारून आली. "चेंडू त्या रेघेपार नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय झाला म्हणतात. पॉइंट मिळतात."

"टाकला न्हाई? टेकवला?"

"टेकवला. का हो आबा?"

मग आबांनी सगळं सांगितलं. पद्मजानं डोळे पुसले. "आबा, ते तुम्हाला बोल लावत नव्हते. तुम्ही भुईला टेकवलंत, तेव्हा ते मनानं मैदानावर होते."

"आन् म्या समजत हुतो, शिव्या घालून गेला." आबांनी छाती भरून श्वास घेतला. "गाडीची घाई करू नगंस. खेळ संपूस्तवर बसू."

पुढचा चेंडू रेघेपार टेकला, तशी आबांनी सातारी गळ्यानं आरोळी ठोकली, "ट्राऽऽय!"

सगळे वळून बघायला लागले.

"आबा, हळू! ती दुसरी टीम आहे!"

"आसंना का. टेकवला न्हवं?"