कुरडयांचं ऊन

भर जानेवारीत कुरडया घालायला बसणारी बाई अख्ख्या महाराष्ट्रात सापडायची नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, जिथे उन्हाळा जानेवारीत येतो, तिथे मात्र एक होती. कौमुदी ठोसर मूळची अकोल्याची. आता अकोल्याच्या माणसाला ऊन कशाशी खातात हे काही शिकवावं लागत नाही. तिचे यजमान चंद्रहास अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वीजकेंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा ओळखीचे सगळे म्हणाले, आता मेलबर्नला जा, लेकीजवळ राहा, तिथं मंडळ आहे, गणपती आहे, चितळ्यांची बाकरवडीसुद्धा मिळते. हे दोघं तिथेच राहिले. उन्हाळा हा त्यांचा सण होता, आणि सण सोडून कोण जातं?

सकाळी उजाडता उजाडता गावातल्या नदीत अनवाणी चालायचं. नदी नावाची, पात्रात नुसती गार वाळू. दुपारी कूलरसमोर आडवं व्हायचं. या देशात बाहेरून वाळा आणू देत नाहीत, म्हणून चंद्रहासनी इथल्याच गवताची ताटी विणून कूलरला बसवली होती. त्या ताटीला वाळ्याचा वास येत नव्हता, पण चंद्रहासना यायचा, आणि कौमुदीने त्यावर कधी वाद घातला नाही. उन्हं कलली की फोल्डिंगच्या खुर्च्या अंगणात काढायच्या, पन्ह्याचे पेले हातात घ्यायचे आणि समोरचा डोंगर तांबडा, मग जांभळा होताना बघत बसायचं. बोलायचं काही नाही. चाळीसएक वर्षांच्या संसारानंतर गप्प बसण्यात जी चैन असते, ती त्यांनी मनसोक्त केली.

गेल्या फेब्रुवारीत मात्र चंद्रहास पापडांच्या खाटेजवळ भोवळ येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आता उन्हाशी मस्ती नको. मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातून मिताली धावत आली. ही त्यांची एकुलती एक लेक. जाताना तिने अट घातली.

"बाबा, अजून एकदा जरी असं झालं ना, तर घर विकायचं आणि आमच्याकडे यायचं. घराच्या मागे तुमच्यासाठी ग्रॅनी फ्लॅट रेडीच आहे. नो आर्ग्युमेंट. आणि समरमध्ये गाडी घेऊन गावाबाहेर जायचं नाही. प्रॉमिस?"

दोघांनी माना डोलावल्या. लहान मुलं डोलावतात तशाच. तेव्हापासून रोज संध्याकाळी मितालीचा फोन यायचा आणि दोघं आज्ञाधारकपणे सांगायचे की आज आम्ही कुठेही गेलो नाही. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

त्या दिवशी कौमुदीने पहाटे चीक शिजवला. गावातलं नळाचं पाणी जड, त्यात कुरडया तांबूस होतात, म्हणून तिने गाडीच्या डिकीतला पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन काढून आणला होता. त्यात विकतचं मऊ पाणी असायचं, अडीअडचणीला म्हणून. गव्हाला आणि चिकाला मिळून ते सगळं लागलं. कॅन नळावर भरून परत ठेवायचा, असं ती मनाशी म्हणालीसुद्धा. तेवढ्यात मितालीचा फोन आला, आज सकाळीच. "आई, टेम्परेचर फोर्टी थ्रीवर जाणार आहे आज. पाणी पीत राहा हं." कौमुदी हो हो म्हणाली आणि कॅन स्वयंपाकघरातच राहिला.

फळीवर अंथरलेल्या सासऱ्यांच्या जुन्या पांढऱ्या धोतरावर सोऱ्याने कुरडया पाडून झाल्या, आणि गुलाबी काकाकुव्यांची टोळधाड आली. हाकलावं तर समोरच्या तारेवर बसून वाट बघायची. दोन रांगा फस्त झाल्यावर चंद्रहास म्हणाले, "आपल्या कट्ट्यावर नेऊ या. तिथं एक पाखरू नसतं. अकराच्या आत परत."

कट्टा म्हणजे गावापासून तासाभरावर, कोरड्या नदीच्या वळणावरचा एक सपाट खडक. पूर्वी सुट्टीच्या दिवशी दोघं तिथेच जायचे.

"मितालीला कबूल केलंय ना आपण?" कौमुदी म्हणाली खरी, पण तोवर तिने कुरडयांची फळी धोतरासकट गाडीत सरकवली होती. निघताना तिने नेहमीप्रमाणे त्यांच्या शर्टाच्या खिशात एक कांदा टाकला. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, ही तिची माहेरून आणलेली श्रद्धा. मिताली त्यावरून तिला खूप हसायची.

कट्ट्याच्या अगदी पायथ्याशी नदी ओलांडताना गाडी रुतली. वाळू तीच, रस्ता तोच, पण वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची असते, ती चंद्रहासनी घाईत केली नव्हती. मागे-पुढे करण्याच्या नादात चाकं पार आसापर्यंत गेली. हाताने वाळू उपसून दोघं घामाघूम झाले. फोनला रेंज तिथे कधीच नसते. एरवी त्याचंच त्यांना कौतुक असायचं.

"पाणी काढ," चंद्रहास म्हणाले.

कौमुदी डिकीकडे गेली. कॅनच्या जागी गोल डाग तेवढा होता. स्वयंपाकघरातला ओट्याखालचा कॅन तिला लख्ख दिसला, झाकण बाजूला ठेवलेला.

"अहो, कॅन घरी राहिला. चिकाला वापरलं पाणी."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "काय काय आहे?"

पन्ह्याची एक बाटली होती, आणि अर्धं कलिंगड. दोघं गाडीच्या बाजूच्या निलगिरीच्या झाडाखाली बसले. सावली विरळ होती, सरकत होती, आणि त्यांना तिच्यामागे सरकावं लागत होतं. संध्याकाळपर्यंत मितालीचा फोन नव्हता. आणि तिला तो लागला नाही, तरी ती पोलिसांना काय सांगणार होती? आईबाबा घरी असतात, एवढंच तिला ठाऊक. स्वतःच्या शहाणपणाचा कौमुदीला इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

"मी चालत हायवेपर्यंत जातो," चंद्रहास म्हणाले. "फार नाही. मे महिन्यात अकोल्याहून पायी गेलोय मी मामाच्या गावाला."

"तेव्हा तुम्ही पंचवीसचे होता. गाडी सोडायची नसते. इथे येऊन पहिल्याच आठवड्यात तुम्हीच मला सांगितलं होतं."

"मग काय बसून राहायचं?"

"हो. बसून राहायचं. रोज बसतो ना आपण?"

ते बसले, पण मन हायवेवर होतं. दर थोड्या वेळाने बुटाची नाडी आवळायचे. कौमुदी त्यांच्यावर पहारा ठेवून होती. त्यांचा चेहरा लाल झाला की तिचा जीव खालीवर व्हायचा. ती कलिंगडाची एकेक फोड कापायची, त्यांना द्यायची, साल त्यांच्या टाळूवर चोळायची. पन्ह्याचे घोट द्यायची. ते विचारायचे, "तू?" ती म्हणायची, "घेतलं मी." गोळ्या त्यांना होत्या, भोवळ त्यांना आली होती. सांभाळायचं त्यांना होतं. आपल्यालाही तहान लागते, याची तिला लाज वाटत होती, कारण पाणी तिनेच ओतून संपवलं होतं.

ऊन चढत गेलं. पाखरू खरोखरच नव्हतं. गाडी रुतल्यावर तिने खडकावर नेऊन ठेवलेल्या कुरडया वाळताना अगदी बारीक तडतडत होत्या, आणि त्या शांततेत तो आवाज कौमुदीला स्पष्ट ऐकू येत होता. मग तो फार लांबून यायला लागला. घाम थांबलाय हे तिच्या लक्षात आलं. बरं झालं, थोडं गार झालं, असं तिला वाटलं. तिने सुरी उचलली आणि ती हातातून वाळूत पडली.

"अहो," ती म्हणाली, "ते मोगऱ्याचं वाळत घातलंय का?"

चंद्रहासनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या बाजूची वाळू पाहिली. त्यांच्या बाजूला कलिंगडाच्या बियांचा ढीग होता. तिच्या बाजूला एकही बी नव्हती.

"कौमुदी, तू काहीच खाल्लं नाहीस."

ती हसायला गेली, पण ओठ सुटेनात. त्यांनी तिला आडवं केलं. बाटलीत तळाशी उरलेलं पन्हं थेंबाथेंबाने तिच्या तोंडात सोडलं, कलिंगडाचा उरलेला तुकडा पिळून तिच्या कपाळावर धरला. मग खिशातला कांदा काढला, दगडावर फोडला आणि तिच्या तळव्यांना चोळायला लागले. इंजिनिअर माणूस, जन्मभर त्या कांद्याला नावं ठेवलेली. चोळता चोळता ते एकदम थांबले. कांदा एकच होता, आणि तो त्यांच्या खिशात होता. तिच्याकडे नव्हता. तिने कधी स्वतःसाठी ठेवलाच नव्हता.

हायवेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ते उठले आणि खडकावरचं धोतर ओढलं. कौमुदीला तेवढं मात्र कळलं. "कुरडया," ती पुटपुटली. चंद्रहासनी ओंजळीओंजळीने त्या गाडीच्या बॉनेटवर ओतल्या, आणि खाली सांडल्या त्या तशाच वाळूत पडू दिल्या. धोतराचं एक टोक गाडीच्या अँटेनाला बांधलं, दुसरं उंच फांदीला. मग येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या अंगाची सावली तिच्यावर धरली, आणि ती झोपू नये म्हणून बोलत राहिले. चाळीस वर्षांत बोलले नसतील इतकं बोलले. कौमुदीला त्यातलं थोडं ऐकू आलं. अकोल्याचं त्यांचं पहिलं घर, गच्चीवर पाणी मारून घातलेली गादी, मितालीला निघालेलं घामोळं. मधेच ते म्हणाले, "तू गेलीस तर मला त्या डोंगराचं काय करायचंय?" हे तिने नीट ऐकलं.

दुपार कलायला लागली तेव्हा जवळच्या गुरांच्या फार्मवरचा माणूस बोअर तपासायला निघाला होता. लांबून त्याला पांढरं काहीतरी फडफडताना दिसलं. या दिवसांत इथे कोणी नसतं, म्हणून त्याने आपली उघड्या हौद्याची युट गाडी वळवली. कौमुदीला पाणी पाजताना तो फक्त "नो वरीज, लव्ह, नो वरीज" एवढंच म्हणत होता.

हॉस्पिटलात तिच्या हाताला सलाइन लागलं. तिला चांगलं भान आलं, तेव्हा खिडकीबाहेर उन्हं उतरली होती आणि तोच डोंगर तांबडा व्हायला लागला होता. चंद्रहास उशाशी बसले होते, कपड्यांना अजून कांद्याचा वास.

"मितालीचा फोन येईल," कौमुदी हळूच म्हणाली. "तिला कशाला सांगायचं? डॉक्टर उद्या सोडताहेत. घरीच होतो म्हणू या."

त्यांनी तिची चादर सारखी केली. तिला वाटलं, पटलं.

फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"हाय बाबा. काय केलं आज? कुठे गेला नाहीत ना?"

"कट्ट्यावर गेलो होतो," चंद्रहास म्हणाले. "गाडी रुतली. जवळ पाणी नव्हतं. कॅन मी विसरलो. आईला ऊन लागलं, हॉस्पिटलात आहोत, आता ठीक आहे ती."

कौमुदीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने आजवर स्वतःची चूकसुद्धा कधी कबूल केली नव्हती, आणि आज तिची आपल्या अंगावर घेत होता. पलीकडे मिताली रडत होती की चिडली होती, कळत नव्हतं.

"तुझी ती मागची खोली," चंद्रहास पुढे म्हणाले, "रिकामी आहे ना? आम्ही येतो."

कौमुदीला राग आला. तिला न विचारता घर देऊन टाकलं, अंगण दिलं, डोंगर दिला. पण त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरला होता की सलाइनची सुई दुखत होती, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी फार्मवरच्या माणसाने गाडी दारात आणून लावली. बॉनेटवर कुरडया चिकटून बसल्या होत्या, कडक, पांढऱ्याशुभ्र. कौमुदी उलथनं घेऊन बाहेर आली आणि हलक्या हाताने एकेक सोडवायला लागली. चंद्रहास डबा धरून उभे राहिले. तारेवर काकाकुवे येऊन बसले, पण त्यांना कोणी हाकललं नाही.

"क्रेगीबर्नला वाळतील का हो कुरडया?" तिने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "या जपून खाऊ."