उजव्या बाजूचं फूल

मे महिन्यात सोलापूर सोडून दुसऱ्या गरम ठिकाणी हवा खायला जाणारं घर मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि नेमकं त्याच घरात माझं लग्न झालं होतं. शहाणी माणसं उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात. आमच्याकडे मात्र पेठेतल्या वैद्यांनी सासूबाईंचे गुडघे दाबून बघितले आणि सांगितलं, ''थंड हवा सोसायची नाही. समुद्रावर जा, तापलेल्या वाळूत रोज पाय पुरून बसा.'' तापलेली वाळू हवी असती तर सीना नदीचं कोरडं पात्र काही लांब नव्हतं. पण वैद्य समुद्र म्हणाले, आणि तो शब्द कानावर पडला तेव्हा स्वयंपाकघरात माझी भाकरी तव्यावर करपली.

मी केम गावची. तिथं रेल्वे स्टेशन आहे, शेतं आहेत, आणि पाणी म्हणाल तर विहिरीत. उजनीचं धरण तेव्हा अजून बांधतच होते. मला बघायला पाहुणे आले तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून म्हणालं, ''तुलाबी काय इचारायचं असलं तर इचार की.'' मी नवऱ्या मुलाला विचारलं, ''तुम्ही समुद्र बघितलाय का?'' सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, ''बघितलाय. गोकर्णाला माझं जावळ काढलं तेव्हा. आठवत काही नाही. परत बघू की, दोघं.'' त्या 'दोघं'वर मी होकार दिला. भवानी पेठेतलं घर, चादरींचं दुकान, हे सगळं माझ्या वडिलांनी बघितलं. मी फक्त समुद्र बघितला.

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी आम्ही दोघांनी मिळून एक सिद्धेश्वराचं तळं तेवढं पाहिलं होतं, तेही जत्रेच्या गर्दीत, मागे-पुढे चालत. त्यामुळे वैद्यांचे पाय धरावेत असं मला वाटलं.

घर लिंगायतांचं. सासूला अत्ती म्हणायचं, सासऱ्यांना मामा. अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत. मला कानडी येत नसे, म्हणून ते कानडीत शिरले की माझ्याविषयीच बोलताहेत असं मी धरून चालायची. बऱ्याचदा ते खरंही निघे.

त्या संध्याकाळी मात्र भांडण मराठीत झालं, कारण प्रत्येकाला साक्षीदार हवा होता. विषय एकच, कुठल्या समुद्रावर जायचं. मामांना आराम पाहिजे होता. ''जिथं गिऱ्हाईक न्हाय, देऊळ न्हाय, गिरणीचा भोंगा न्हाय, असं एखादं गाव बघा. मी झोपणार.'' मामा दुकानातही चादरींच्या थप्पीवर झोपत. गिऱ्हाईक थप्पीला हात लावून 'ही केवढ्याला' म्हणालं की थप्पीवरून उत्तर येई. त्या माणसाला झोपायला समुद्र कशाला लागत होता ते देव जाणे.

धाकटे भावजी, म्हणजे माझे दीर, कॉलेजात होते. पायात बेलबॉटम, कानावर केस. त्यांना गोवा हवा होता. तिथं रात्रभर वाजंत्री चालते, गोरे लोक वाळूत नाचतात, असं त्यांना कुठल्याशा मित्रानं सांगितलं होतं. तो मित्र कोल्हापूरच्या पुढे गेलेला नव्हता. ''रात्री काय करायचं मग? झोपायचं?'' भावजींनी विचारलं. ''व्हय,'' मामा म्हणाले.

अत्तींना गोकर्ण हवं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, ''महादेवाचं ठिकाण हाय. आपलं बोलणं कळतं तितल्या लोकांना.'' एवढंच. माझे यजमान मध्ये बसून सगळ्यांना मान डोलवत होते. मला कुणी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही तेही मला ठाऊक होतं.

कारण देवघरात समई होती. मामांच्या आजोबांनी लावलेली, तेव्हापासून न विझलेली, असं सांगत. घर कुठंही जावो, लग्नाला किंवा जत्रेला, एक बाई मागे राहायची आणि तेल घालायची. ही बाई म्हणजे घरची सून. आधी अत्ती राहत. आता सून मी होते. गोवा काय, गोकर्ण काय आणि मामांचं निजायचं गाव काय, माझ्या वाट्याला ती समईच येणार होती. मला इतका राग आला की त्या रात्रीच्या आमटीत मी दोनदा मीठ घातलं. जेवताना सगळे पाणी पुष्कळ प्यायले.

घरातली भांडणं शेवटी देवापुढे जात. आमच्याकडे कौल लावायची रीत होती. पिंडीला अंघोळ घालायची आणि दोन्ही बाजूंना एकेक कण्हेरीचं फूल पाण्यानं चिकटवायचं. मनातलं बोलायचं, घंटा वाजवायची आणि वाट बघायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फुलाला फक्त पाणी लावायचं, दुसरं काही नाही. सोयरीक, दुकानाची जागा, भावजींनी सायन्सला जावं की कॉमर्सला, सगळं असंच ठरलेलं. भावजींचं सायन्स डाव्या फुलानं गेलं होतं, म्हणून त्यांचा देवावर जरा राग होता.

सोमवारी सकाळी सगळे देवघरासमोर बसले. अत्ती म्हणाल्या, ''उजवं गोकर्ण, डावं गोवा.''

''आणि माझं?'' मामा म्हणाले.

''देवाला दोनच बाजू हायत,'' अत्ती म्हणाल्या. मामांचा आराम तिथंच निकालात निघाला.

एवढ्यात भावजी दुकानातला टेबलफॅन उचलून घेऊन आले. ''अव्वा, तुला उकडतंय,'' म्हणाले. आईला उकडतंय हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळलं होतं. पंखा असा ठेवला की वारा नेमका पिंडीच्या डाव्या अंगाला. डावं फूल पडलं, आणि समईसुद्धा फडफडली. अत्तींनी शांतपणे बटण बंद केलं. ''पंख्याचा कौल धरत न्हाईत,'' म्हणाल्या, आणि फुलं परत लावली. या वेळी उजवं पडलं. गोकर्ण.

मग त्यांनी माझ्याकडे न बघताच दुसरा प्रश्न घातला. ''सून येऊ दे का?''

मी हात जोडले होते, पण डोळे मिटले नव्हते. मला रडू येत होतं आणि ते सगळ्यांसमोर यायला नको होतं. घंटा वाजली. तिचा आवाज संपायच्या आधी उजवं फूल टपकन खाली आलं. इतक्या घाईनं देवानं आजवर कुणाला होकार दिला नव्हता. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर छताकडे नेली.

''मग समई?'' मामांनी विचारलं.

''इचारते की,'' अत्ती म्हणाल्या. नवी फुलं, नवी घंटा. ''मालकांनी घरी ऱ्हावं का?'' उजवं फूल पुन्हा पडलं. मामा बराच वेळ पिंडीकडे बघत राहिले. दुकानात खोटं नाणं आलं की ते असंच बघत. पण देवाचा शब्द मोडणार कोण? शिवाय माणसं नसलेलं, गिऱ्हाईक नसलेलं, दुपारभर निजायला मोकळं घर त्यांना मिळालं होतं. मागितलं तेच की.

दुपारी देवघर आवरायला मी बसले. पिंडीवर डावं फूल अजून होतं. मी ते उचलायला गेले तर निघेना. नखानं खरवडावं लागलं. देठाखाली चंदनाचं गंध होतं, दाट उगाळलेलं, बोटभर जाड. खाली पडलेल्या उजव्या फुलांचे देठ मी हातात घेऊन बघितले. त्यांना गंधाचा ठिपकासुद्धा नव्हता. मी फुलं ताम्हनात टाकली, पिंड पुसली आणि जाऊन मुकाट्यानं लुगडी भरायला घेतली.

विजापूर, गदग करत छोट्या रुळांची गाडी हुबळीला जायची. तिथून घाट उतरणारी एस.टी. भावजी वाटभर तोंड फुगवून होते. गोकर्णात आम्ही एका भटजींच्या घरी उतरलो. देवाचं दर्शन झालं, अभिषेक झाला, आणि उन्हं कलल्यावर आम्ही समुद्रावर गेलो.

समुद्राबद्दल मी काही सांगणार नाही. तो बघितला आणि मी लहान पोरासारखी रडले, एवढं पुरे.

वाळू चांगली तापलेली होती. मी खड्डा केला, अत्तींचे पाय गुडघ्यांपर्यंत पुरले आणि वरून वाळू दाबली. यजमान पाण्यात उभे होते. अत्ती त्यांच्याकडेच बघत होत्या, समुद्राकडे नव्हत्या.

''ह्याचं जावळ हितं काढलं,'' त्या म्हणाल्या. मग जोरात त्यांना विचारलं, ''अरे, कुटं काढलं रं तुझं जावळ?''

''मला काय म्हाईत अव्वा,'' यजमान हसले. ''हितंच कुटंतरी.'' आणि त्यांनी हात भलतीकडेच केला. अत्ती त्या हाताकडे बघत राहिल्या.

''तुम्हाला आठवत असेल की,'' मी म्हणाले.

''मी नव्हते,'' अत्ती म्हणाल्या. ''समई कोण बघणार? माझ्या सासूनं कौल लावला, मी जाऊ का म्हणून. डावं पडलं. पोराला घिऊन सगळी गेली. परत आलं ते टकलं होऊन, मला वळखू यीना.'' वाळूतून एक पाय वर आला, तो त्यांनी स्वतःच परत दाबला. ''दर बारीला डावंच पडायचं. मला वाटायचं, माझंच काय तर चुकत आसंल, म्हणून देव नको म्हणतोय. सासू गेली, पूजेचं ताट माझ्या हातात आलं. आदल्या दिवशी तिनंच लावलेला कौल तसाच हुता पिंडीवर. ते उजवं फूल काढाया गेले.''

''निघेना,'' मी म्हणाले.

अत्तींनी माझ्याकडे पाहिलं. ''तुला लगीच कळलं व्हय,'' म्हणाल्या. ''मला लई वर्सं लागली.''

मला त्यांचा हात धरावासा वाटला, तो मी धरला. वाळूनं भरलेला होता.

अंधार पडताना पलीकडे लांब केसांची काही गोरी माणसं जमली. त्यांनी शेकोटी पेटवली. भावजी ताडकन उठले, केस सारखे केले आणि म्हणाले, ''वहिनी, बघा आता.'' गोऱ्या लोकांनी गिटार काढली, डोळे मिटले आणि 'नमः शिवाय' म्हणायला सुरुवात केली. त्यांचं तेवढंच होतं, पुन्हा पुन्हा. भावजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. घरी रोज सकाळी जे ऐकून ते पळत, तेच ऐकायला इतक्या लांब आले होते. अत्ती मात्र लंगडत जाऊन शेकोटीपाशी बसल्या. त्या गोऱ्यांच्या टाळ्या फार घसरत होत्या. अत्तींनी ठेका धरला आणि सगळ्यांना ठेक्यावर आणलं. एका बाईनं त्यांच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली. मी जवळ गेले तर म्हणाल्या, ''तुमी दोघं जावा तिकडं फिरायला. माझं हितं भजन चाललंय.''

आम्ही दोघं गेलो. शब्द खरा झाला, त्याला दोन वर्षं आणि एक सासू लागली.

सोलापूरला परतलो ते भर दुपारी. मामा दारातच उभे होते, अंगावर धुतलेलं धोतर. मामा दुपारी जागे, हेच मुळात संशयाचं होतं. देवघरात समई जळत होती, अगदी सरळ. वात पांढरीशुभ्र, टोकाला काजळीचं नाव नाही. अत्ती वाकल्या आणि त्यांनी समईला हात लावला. मे महिन्यात सोलापुरात गार वस्तू म्हणजे एक माठ, आणि त्या दिवशी दुसरी ती समई.

''कधी इझली?''

''तुमी गेलात त्याच दुपारी,'' मामा म्हणाले. ''जरा डोळा लागला.''

''मग लगीच लावायची.''

''लावणारच हुतो. रोज इचार केला.'' मामा धोतराचा सोगा चाचपत होते. ''आज गाडीचा टाइम बघून लावली.''

अत्ती उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, दुकानाच्या दाराकडे पाहिलं. ''घर हाय की जितल्या तितं,'' म्हणाल्या. त्या हसतील असं मला वाटलं होतं. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ''एवढी वर्सं मी हितं जागत बसले. पोराचं जावळ चुकलं माझं. आन तुमी झोपलात, तर काय बी झालं न्हाय.'' मामा खाली बघत उभे राहिले.

थोड्या वेळानं अत्तींनी पदरानं तोंड पुसलं आणि गळ्यातली शिंपल्यांची माळ सारखी केली.

''पुढल्या वर्सी गोवा,'' त्या म्हणाल्या.

भावजींच्या हातातली पिशवी खाली पडली. मामा हळूच म्हणाले, ''कौल लावायला नको का आधी?''

''लावू की,'' अत्ती म्हणाल्या. ''गंध उगाळायला सून हाय.''