खासदारांचं दरवर्षीचं विधेयक

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावच्या दिवाळीला इथले खासदार न चुकता येतात. माझ्या जन्माआधीपासून ते निवडून येताहेत. सगळ्यांची नावं लक्षात ठेवतात, चकली मागून घेतात आणि एकच विधेयक दरवर्षी मांडतात: व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना एकविसाव्या वर्षी देश सोडावा लागू नये. त्याची पत्रकं मीच दारोदार वाटली आहेत.

माझा जन्म इथला, ताईचा पुण्याचा. मार्चमध्ये ती एकवीसची होईल. यंदा स्टेजमागे मी सरळ विचारलं, "सर, तोवर पास होईल?"

ते हळू आवाजात म्हणाले, "नाही होणार. तिला स्टुडंट व्हिसा घ्यायला सांग. माझं ऑफिस मदत करेल."

निदान खरं तरी बोलले, असं मला वाटलं. तर लगेच स्टेजवर जाऊन म्हणतात, "यंदा वुई आर व्हेरी क्लोज!"

"देवमाणूस आहे गं," शेजारच्या काकू म्हणाल्या. पुढच्या रांगेत ताई टाळ्या वाजवत होती. माझं डोकंच फिरलं. मी वर चढून माइकवरच म्हणाले, "सर, मला मागे सांगितलंत ते ताईला सांगा."

त्यांनी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी सगळ्यात जिद्दी कार्यकर्ती!"

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ताईनं नाही.